डिझेल मोटारीचें निदान

मोटारीसंबंधीं लिहावयास एका निवृत्त शाळामास्तरास काय अधिकार, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल, आणि तो रास्तच आहे. मी यंत्रशास्त्राचा अभ्यासक नव्हे. माझें सारें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें पाठ करून घेण्यांत गेलें. हातांत पाना असा कधीं धरला नाहीं. परंतु घरच्या एका प्रसंगामुळें या विषयाचा विचार करणें मला भाग पडलें, आणि विचार करतां करतां असें ध्यानांत आलें कीं, अडून बसलेल्या मोटारीचें कारण शोधणें आणि रोग्याच्या रोगाचें निदान करणें, या दोहोंची रीत एकच आहे. ज्यांच्या दारांत डिझेलची गाडी उभी आहे, त्यांस या अनुभवाचा कांहीं उपयोग झाला तर हे चार शब्द लिहिल्याचें सार्थक होईल.

ही गोष्ट २०११ सालच्या डिसेंबरांतील. आम्ही वाईस राहतों. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणत असूं, ती त्या वेळीं आमच्याकडे राहावयास आली होती. तिला दम्याचा जुना विकार. एके दिवशीं पहांटे पांचाच्या सुमारास तिला धाप लागली, ती कांहीं केल्या बसेना. औषधाचा फवारा दोनदां दिला, तोही व्यर्थ गेला. गांवांतील डॉक्टरांनीं फोनवर सांगितलें, "आतां वेळ दवडूं नका, साताऱ्यास हलवा." सातारा आमच्यापासून पस्तीस किलोमीटरांच्या आंतबाहेर.

चिरंजीव घाईनें गाडी काढावयास गेले. किल्ली फिरविली, एंजिन गरगर फिरलें, पण सुरू होईना. पुन्हां फिरविली, पुन्हां तेंच. असें आठ-दहा वेळां झाल्यावर ती गरगर मंद होत गेली आणि शेवटीं नुसता 'टक्' असा आवाज तेवढा उरला. बॅटरी उतरली होती. शेजारचे दोघे धांवून आले; गाडी उतारावर सोडून पाहिली, धक्का मारून पाहिला; गाडी आपली ढिम्म! अक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळसर होऊं लागलेले, आणि दारांत ही चार चाकांची वस्तु निश्चल उभी. त्या वेळची असहायता मी अद्यापि विसरलों नाहीं.

अखेर दूध गोळा करणारा टेंपो रस्त्यानें येत होता, तो हात करून थांबविला. दुधाच्या कॅनांमध्यें सतरंजी अंथरून अक्काला आंत घेतलें आणि मी तिचा हात हातांत धरून बसलों. त्या भल्या गृहस्थानें दूध वाटेंत कोठेंही न उतरवितां गाडी थेट साताऱ्यास नेली. अक्का वांचली. तेथील डॉक्टर मात्र म्हणाले, "आणखी अर्धा तास लागला असता तर सांगतां आलें नसतें."

येथें एक गोष्ट प्रथमच सांगून ठेवितों. आज महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते; ती सोय २०१४ सालीं झाली, आमच्या वेळीं ती नव्हती. घरांत कोणी अत्यवस्थ असेल तर प्रथम तो क्रमांक फिरवावा आणि मग गाडीच्या मागें लागावें. रोग्याचा जीव एकट्या यंत्रावर टांगूं नये.

*

घरीं परत आल्यावर गाडी ओढून एका गॅरेजांत नेली. तेथील मनुष्यानें बॉनेट उघडून पाहिलें न पाहिलें, आणि निकाल देऊन टाकला: "डिझेलचा पंप गेला. नवा घाला. तीस-पस्तीस हजार धरून चाला." चिरंजीव पैसे मोजावयास तयार झाले. घडलेल्या प्रकारानें तो इतका खजील झाला होता कीं, कोणी एंजिन बदला म्हटलें असतें तरी त्यानें बदललें असतें. पण माझ्या मनांत एक शंका उभी राहिली. बॅटरी भरून घेतल्यावर तीच गाडी गॅरेजांत दोन-तीन प्रयत्नांनीं सुरू झाली आणि पुढें दिवसभर सुरळीत धांवली. ज्याचा मुख्य अवयवच निकामी झाला आहे, तो रोगी दुपारीं गडागडा चालतो कसा? मीं त्याला म्हटलें, "आठ दिवस थांब. रोग कळल्यावांचून औषध नको."

त्या आठ दिवसांत मीं जें वाचलें व विचारलें, त्याचा सारांश पुढें देतों.

पेट्रोलच्या एंजिनांत इंधन विजेच्या ठिणगीनें पेटतें. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नाहीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९३ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट मिळविलें व १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें जिचें यशस्वी एंजिन करून दाखविलें, ती कल्पना अशी कीं, हवा पुरेशी दाबली म्हणजे ती स्वतःच इतकी तापते कीं तींत सोडलेलें इंधन आपोआप पेट घेतें. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोंक गरम होतें, हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. आपले याज्ञिक अरणि घुसळून घर्षणानें अग्नि काढीत; आग्नेय आशियांतील लोक लांकडाच्या किंवा शिंगाच्या नळींत दट्ट्या एकदम दाबून भुसा पेटवीत असत. डिझेलचें एंजिन हें या दुसऱ्या युक्तीचें भावंड. त्यांत हवा आपल्या मूळ आकाराच्या सुमारें सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते व तिची उष्णता पांचशें अंश सेल्सियसच्याही वर जाते. डिझेल पेटावयास सव्वादोनशें अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. म्हणून सगळें ठीक असेल तेव्हां तें बिनबोभाट पेटतें.

यावरून निदानाचा पाया आपोआप तयार होतो. अशा एंजिनास तीनच गोष्टी लागतात. एंजिन वेगानें फिरलें पाहिजे. इंधन आंत पोंचलें पाहिजे. आणि आंतील हवा पेटण्याइतकी तापली पाहिजे. या तिहींपैकीं एक जरी चुकली तरी गाडी अडते. तिन्ही असतां ती अडत नाहीं. म्हणून प्रश्नही याच क्रमानें विचारावे. क्रम सोडला कीं माणूस पंप बदलतो आणि दोष नळींत निघतो.

पहिला प्रश्न : एंजिन वेगानें फिरतें का?

किल्ली फिरवितांच दिवे मंदावत असतील व 'टक्' एवढाच आवाज येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा, किंवा तिच्या टर्मिनलांवर चढलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारांचा. टर्मिनल सैल आहे कीं काय हें हातानें हलवून पाहावें. क्षार कोमट पाण्यानें धुऊन, पुसून, स्क्रू आवळावा. पुष्कळांची गाडी येथेंच सुरू होते. पूर्ण भरलेल्या स्वस्थ बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ पर्यंत उतरली तर ती निम्मी रिकामी समजावी. दिवे लख्ख असूनही आवाजच नसेल, तर स्टार्टर, ज्याला मिस्त्री लोक सेल्फ म्हणतात, तो किंवा त्याची वायर तपासावी. आणि हल्लींच्या पुष्कळ गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहींत, हेंही आठवावें.

एंजिन फिरतें एवढ्यानें मात्र भागत नाहीं. वेगानें फिरलें पाहिजे. संथपणें दाबलेली हवा फटींतून निसटते व आपली ऊब गार धातूला देऊन बसते. मग ती पेटण्याइतकी तापत नाहीं. म्हणून ज्या बॅटरीवर पेट्रोलची गाडी कशीबशी सुरू होईल, तीवर डिझेलची होणार नाहीं. आमची पहिली चूक येथेंच झाली. एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सेल्फ मारूं नये, आणि दोन प्रयत्नांमध्यें मिनिटभर थांबावें. चार-पांच प्रयत्न फुकट गेले तर थांबून विचार करावा. आम्हीं घाबरेपणानें बॅटरी संपविली आणि गाडी सुरू होण्याची उरलीसुरली आशाही घालविली.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेणें झाल्यास धन टोंक धन टोंकास जोडावें, आणि शेवटची काळी वायर आपल्या बॅटरीस न लावतां एंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, लावावी. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, आणि शेवटच्या जोडाशीं ठिणगी उडते. त्या जागीं काडी किंवा विडी पेटविणें म्हणजे आत्मघातच.

दुसरा प्रश्न : इंधन पोंचतें का?

येथें आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. पर्वतावर धूर पाहून तेथें अग्नि असल्याचें अनुमान करावें, हा तर्काचा पहिला धडा. मोटारीच्या बाबतींत सेल्फ मारतांना एकानें मागें उभें राहून धुराकडे लक्ष द्यावें. धूर मुळींच नसेल, तर इंधन आंत पोंचत नाहीं असें समजावें. पांढरा धूर भकभक येत असेल, तर इंधन पोंचतें आहे पण पेटत नाहीं. आणि येथेंच आमच्या नैयायिकांनीं दिलेला इशारा लागू पडतो: वाफेला धूर समजणाऱ्याचें अनुमान फसतें. हा पांढरा धूर खरा धूर नव्हेच. ती न जळलेल्या डिझेलची वाफ असते. तो दिसला म्हणजे आंत अग्नि नाहीं हेंच सिद्ध होतें!

धूर नसेल तर टांकींत डिझेल आहे का, येथपासून सुरुवात करावी. कांटा खोटें सांगतो. चुकून पेट्रोल भरलें गेल्याचा संशय असेल तर किल्लीसही हात लावूं नये. टांकी रिकामी करून घ्यावी. डिझेल स्वतः पंपास व नोझलांस वंगण पुरवितें. पेट्रोल तें वंगण धुऊन टाकतें. पावसाळ्यांत डिझेलांत पाणी उतरतें, तें फिल्टरच्या तळाशीं सांचतें. तेथील स्क्रू सैल करून काढून टाकावें. जुन्या पद्धतीच्या पंपावर इंधन बंद करणारा एक विजेचा खटका असतो. किल्ली पहिल्या टप्प्यावर आणतांच त्याचा बारीक 'टक्' असा आवाज आला पाहिजे. तो न आला तर डिझेलची वाटच बंद आहे.

आणि शेवटीं हवा. पंप डिझेल दाबूं शकतो, कारण द्रव दबत नाहीं. नळींत हवेचा बुडबुडा शिरला कीं पंपाचा सारा जोर तो बुडबुडा आंखडण्यांतच संपतो. यालाच मिस्त्री 'गाडीनें एअर घेतली' असें म्हणतात.

तिसरा प्रश्न : हवा तापते का?

पांढरा धूर असून गाडी धरीत नसेल, विशेषतः थंडींत, तर हीटर प्लग पाहावे. प्रत्येक सिलिंडरांत एक असा हा तापणारा खिळा असतो. थोड्याच सेकंदांत तो लाल होतो व गार हवेस हात देतो. समोरच्या फळीवर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो तो यासाठींच. तो विझेपर्यंत सेल्फ मारूं नये. पुष्कळ लोक घाईनें येथेंच चुकतात. प्लग चांगले, बॅटरी चांगली, तरीही पांढरा धूर, असें असेल तर एंजिनाची दाब धरण्याची शक्तीच कमी झाली असेल, आणि तें काम तज्ज्ञाचें. एंजिनाच्या तोंडांत ईथरचा फवारा मारून गाडी सुरू करण्याची एक युक्ति कांहीं लोक सांगतात. हीटर प्लग असलेल्या गाडींत ती कदापि करूं नये. लाल झालेल्या प्लगवर ईथर पडलें म्हणजे अवेळीं स्फोट होऊन एंजिन फुटतें.

*

आतां आमच्या गाडीचें काय झालें तें सांगतों. बॅटरी भरल्यावर एंजिन वेगानें फिरत होतें. पहिला प्रश्न निकालांत निघाला. सकाळीं सेल्फ मारतांना मीं स्वतः मागें उभें राहून पाहिलें. धुराची रेघही नाहीं. म्हणजे दोष दुसऱ्या प्रश्नांत. इतका शोध लागल्यावर मीं एक वही केली व रोज रात्रीं गाडी कोठें व कशी उभी केली, पहांटे थंडी किती होती, आणि सुरू व्हावयास किती प्रयत्न लागले, तें लिहूं लागलों. आमच्या दाराशीं रस्ता चढाचा आहे. तेथें गाडी तोंड वर करून उभी राहते. चार रात्रीं ती तशी ठेविली, चार रात्रीं देवळाच्या सपाट पटांगणांत ठेविली. चढावर ठेविलेल्या चारही दिवशीं ती सकाळीं अडली. पटांगणांतून चारही दिवशीं एक-दोन प्रयत्नांत निघाली. थंडी दोन्हींकडे सारखीच. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही जुळले. थंडी निर्दोष ठरली. दोष उताराशीं संबद्ध होता.

ती वही घेऊन मी कृष्णेच्या पुलापलीकडच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा नातू माझ्या वर्गांत होता. त्यांनीं गाडीकडे न पाहतां प्रथम मलाच विचारलें, "गुरुजी, हिचं शेवटचं काम काय केलंत?"

"दिवाळीच्या आधीं डिझेलचा फिल्टर बदलला," मी म्हणालों.

"आणि त्रास कधीपासून?"

मीं आठवून पाहिलें. दिवाळीनंतरच पहिल्यापेक्षां एक-दोन वेळां अधिक सेल्फ मारावा लागत होता. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नव्हतें.

चाचा हंसले. "पंप झिजला असता तर गरम गाडीनं त्रास दिला असता. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या पंपांतून निसटतं. तुमची तर गार असतांना अडते. पंपाला हात लावूं नका."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते घरीं आले. गाडी चढावरच होती. त्यांनीं सेल्फ मारण्यापूर्वीं फिल्टरवरचा छोटा हात-पंप अंगठ्यानें वीस-पंचवीस वेळां दाबला. आधीं तो पोकळ लागत होता, मग घट्ट झाला. "आता मारा." किल्ली फिरवितांच एंजिन धरलें. आपल्या वैद्यकांत उपशय म्हणून एक परीक्षा सांगितली आहे: उपचार देऊन पाहावा, आणि त्यानें आराम पडला तर रोग ओळखावा. ती ही. मग त्यांनीं फिल्टरपुढें पारदर्शक नळीचा तुकडा जोडून दाखविला. सोड्याच्या बाटलींत येतात तसे बुडबुडे डिझेलांतून धांवत होते.

फिल्टर उतरविला. त्याच्या तोंडाचें रबरी वाटोळें बसवितांना एका बाजूस मुडपलें गेलें होतें, आणि तेथें केसाएवढी फट राहिली होती. "पण डिझेल तर कोठें गळत नव्हतें!" मी म्हणालों. चाचांनीं समजाविलें कीं, या बाजूस पंप डिझेल ओढून घेत असतो. म्हणून फटींतून डिझेल बाहेर येत नाहीं, हवा आंत जाते. रात्रभर गाडी तोंड वर करून उभी राहिली कीं त्या फटींतून हवा शिरते आणि नळींतलें डिझेल मागें टांकीकडे उतरून जातें. सपाट जागीं तें फारसें उतरत नाहीं. वहींतल्या साऱ्या नोंदींचा उलगडा एका क्षणांत झाला. नवें वाटोळें पंचवीस रुपयांस मिळालें. मजुरी चाचा घेईनात. शंभराची नोट त्यांच्या खिशांत बळेंच घालावी लागली.

नव्या गाड्यांसंबंधीं मात्र एक सूचना केली पाहिजे. मोटारींत १९९७ सालापासून आलेल्या कॉमन रेल पद्धतींत डिझेलचा दाब वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक असतो. जुन्या मिस्त्रींप्रमाणें नोझलाची नळी सैल करून पाहणें तेथें प्राणावर बेतेल. ती सूक्ष्म धार कातडी भेदून आंत शिरते. या गाड्यांत किल्लीचें चित्र असलेला दिवा लुकलुकत असेल तर गाडीनें किल्ली ओळखलेली नाहीं असें समजून दुसरी किल्ली लावून पाहावी. बाकीचें काम यंत्र जोडून दोषाचा अंक वाचणाऱ्यावर सोंपवावें. तरीही तीन प्रश्नांचा क्रम तोच राहतो. एंजिन कसें फिरत होतें, धूर होता कीं नाहीं, कोणता होता, शेवटचें काम कोणतें केलें, हें ज्याला सांगतां येतें, त्याला कोणी सहसा फसवीत नाहीं.

आमचा खरा अपराध तें मुडपलेलें वाटोळें नव्हतें. तें दुसऱ्याच्या हातून झालें. चूक कोणाच्याही हातून होते. आमचा अपराध हा कीं, महिनाभर गाडी रोज सकाळीं थोडी अधिक कुरकुरत होती, आणि 'होते चालूं' म्हणून आम्हीं तिकडे कानाडोळा केला. रोग येण्यापूर्वीं त्याचें पूर्वरूप दिसतें, हें मी मुलांना शिकवीत आलों. घरच्या दारांत तें मला दिसलें नाहीं. त्याची किंमत अक्कानें जवळजवळ दिलीच होती.

अक्का त्यानंतर सहा वर्षें होती. ती जेव्हां जेव्हां आमच्याकडे येई, तेव्हां रात्रीं निजण्यापूर्वीं ओसरीवरून चिरंजीवांना हटकून विचारी, "गाडीचं तोंड कुठं केलंय रे?" वाटोळें बदलून दिवस झाले होते, आतां त्याची गरज नाहीं, हें तिला कितीदां तरी सांगितलें. ती ऐकून घेई आणि पुढच्या खेपेस पुन्हां विचारी. आम्ही गाडी अजूनही देवळाच्या पटांगणांतच ठेवितों.